कॅसेट दहा डॉलरची, बिल कितीचं?

गेम बॉयवरचा ‘डब्ल्यूडब्ल्यूएफ सुपरस्टार्स’ घ्यायचा आहे? आधी नीट पाहा, काय घेताय. १९९१ चा गेम, रेअरने बनवलेला, एलजेएनने बाजारात आणलेला. पैलवान पाचच: हल्क होगन, अल्टिमेट वॉरियर, रँडी सॅव्हेज, टेड डिबिआसी आणि मिस्टर परफेक्ट. अंडरटेकर हवा असेल तर १९९२ चा दुसरा भाग शोधा.

कॅसेट दुर्मिळ नाही. खोक्याशिवायची सुटी कॅसेट अमेरिकेत साधारण दहा डॉलरच्या आतबाहेर मिळते. ‘रेअर’ असं लिहून कोणी पाचपट मागत असेल, तर ते कंपनीचं नाव आहे, भावाचं कारण नव्हे. ईबेवर मागितलेली किंमत पाहू नका; ‘विकलेल्या वस्तू’ हा फिल्टर लावा आणि खरोखर किती मिळाले ते पाहा.

खरा खर्च पुढे आहे. भारतापर्यंतचं टपाल बहुतेक वेळा कॅसेटपेक्षा महाग पडतं आणि सीमाशुल्क टपाल धरून लागतं, पण विमानाने आलेल्या मालात टपाल वस्तूच्या किमतीच्या २० टक्क्यांपर्यंतच धरतात. समजा कॅसेट १० डॉलर, टपाल २०. कर साधारण १२ वर. दर बदलत राहतात, म्हणून ऑर्डरच्या दिवशीचाच दर बघा. कुरिअरने मागवलीत तर तुमच्या वतीने कर भरल्याबद्दल कुरिअरवाला वेगळं शुल्क लावतो, ते आधीच विचारा. केवायसीसाठी ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा लागेल. आधारवरचं नाव आणि पार्सलवरचं नाव एकच ठेवा, नाहीतर पार्सल अडकतं. बिल आणि पैसे भरल्याची पावती जपून ठेवा. टपालाने मागवलीत तर महिनाभर वाट बघायची तयारी ठेवा.

‘पार्सलवर गिफ्ट लिहितो’ असं विक्रेता सांगेल. नको म्हणा. भेटवस्तूंवरची करसवलत डिसेंबर २०१९ मध्येच गेली. किंमत कमी दाखवली तर अंगाशी तुमच्या येईल, त्याच्या नाही.

सरळ आणि स्वस्त वाट वेगळीच आहे. न्यू जर्सीत एखादा मावसभाऊ असेल तर त्याच्या पत्त्यावर मागवा आणि तो सुट्टीला येईल तेव्हा बॅगेतून आणायला सांगा. एवढीशी वस्तू प्रवाशाच्या करमुक्त मर्यादेत सहज बसते.

‘नवी बॅटरी बसवलेली आहे’ म्हणून जास्त पैसे मागणाऱ्याकडून तर घेऊच नका. या कॅसेटमध्ये बॅटरी नसतेच, कारण गेम सेव्हच होत नाही. पैसे देण्याआधी दोन फोटो मागा. एक लेबलचा, अगदी जवळून: ‘डीएमजी’ने सुरू होणारा क्रमांक वाचता आला पाहिजे. दुसरा, पैलवान निवडायच्या पडद्याचा, चालू अवस्थेत. पडद्यावर उभ्या रेघा गायब दिसल्या तर दोष कॅसेटचा नाही, यंत्राचा. तेच यंत्र विकत घेत असाल तर दुरुस्तीचा खर्च धरून भाव करा.

यंत्र कोणतं घ्यावं? मूळ गेम बॉय, पॉकेट, कलर, ॲडव्हान्स, एसपी: सगळ्यांवर ही कॅसेट चालते, देशाची अडचण नाही. मायक्रो आणि डीएसवर चालत नाही. माझं मत कलरला: दोन पेन्सिल सेल घातले की झालं. एसपीला उजेड आहे, पण आतली बॅटरी जुनी असते, आणि त्याचा अमेरिकी चार्जर १२० व्होल्टचा. आपल्या प्लगात घातलात की तो गेला. यूएसबी केबल घ्या. रस्त्यावर ‘४०० गेम्स’ म्हणून विकली जाणारी यंत्रं यासाठी निरुपयोगी, त्यांना गेम बॉयची कॅसेट घालायला खाचच नसते.

कॅसेट चालली नाही तर फुंकर मारू नका. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं. इअरबडने सोनेरी टोकं पुसा, वाळू द्या, मग लावा.

दोघांनी खेळायचं असेल तर खर्च दुप्पट: दोन यंत्रं, दोन कॅसेट आणि वर लिंक केबल. मूळ गेम बॉयचं भोक मोठं, पॉकेट-कलरचं लहान. ॲडव्हान्स किंवा एसपी असलं तरी या गेमसाठी केबल कलरचीच लागते. ॲडव्हान्सची म्हणून दिली तर तिथेच परत करा.