मिटवायला बसू नका

तू मंडळीच्या कमिटीवर निवडून आलास, पेढे पोचले. आता आत्याचं जरा ऐकून घे. अर्पणाचा हिशेब, देवळाची रंगरंगोटी, नाताळची लायटिंग, हे तुला जमेल. भलेभले पंच गळपटतात तो प्रसंग वेगळा असतो. कुणीतरी बाई, नाहीतर पोराचा बाप, खाली मान घालून येतो आणि म्हणतो, "पाळकसाहेबांबद्दल बोलायचं होतं."

आपल्या भागात अशा वेळी पंचांचं डोकं एकाच दिशेनं चालतं: मिटवून टाका. बांधाचं भांडण मिटवतात, नवराबायकोचं मिटवतात, त्याच सवयीनं हेही मिटवायला बसतात. वेस्ट्रीचं दार लोटायचं, मुलीच्या बापाला मध्ये बसवायचं, शेवटी प्रार्थना करून हातात हात द्यायला लावायचा. तसं करू नकोस. कमिटी म्हणजे कोर्ट नव्हे आणि पाळकाचा वकीलही नव्हे.

शिलोच्या एली याजकाची गोष्ट संडे स्कूलमध्ये आपण बाळ शमुवेलापाशी आणून थांबवतो. त्याच्या आधीचं सांगत नाही. एलीचे मुलगे हफनी आणि फिनहास अर्पणाचं मांस हिसकावून घेत, दर्शनमंडपाच्या दाराशी सेवा करणाऱ्या बायकांशी कुकर्म करत. लोक हे एलीच्या कानावर घालत होते. एली रागावला, दोन शब्द बोलला, पण त्यांना कामावरून काढलं नाही. घराण्यावर शिक्षा आली त्यात मुलांचं पाप होतं तसं बापाचं हे मऊपणही होतं.

तर कुणी सांगायला आलं की आधी जागा बघ. देवळात नको, पाळकाच्या बंगल्यावर तर मुळीच नको. सांगणाऱ्याला जिथं बरं वाटेल तिथं बसा, एक जाणती बाई सोबत असू दे. "तू गेलीसच कशाला?" किंवा "आधी का नाही सांगितलंस?" हे तोंडातून येता कामा नये. ती म्हणेल ते तिच्याच शब्दांत कागदावर उतरव, तारीख-वेळ टाक, तिला वाचून दाखव. पाच जणांपुढे पाच वेळा सांगायला लावू नकोस. मोबाइलवरचे मेसेज पुसू नका म्हणावं. घटना ताजी असेल तर कपडे धुऊ नका आणि थेट दवाखाना गाठा, राहात्याचं ग्रामीण रुग्णालय असो की लोणीचं प्रवरा. लैंगिक अत्याचाराच्या प्रसंगी सरकारी काय, खासगी काय, कुठल्याही रुग्णालयानं मोफत उपचार करायचे असा कायदाच आहे.

मूल अठराच्या आतलं असेल तर कमिटीची मीटिंग बोलवायचीच नाही. त्याच दिवशी पोलिस ठाणं किंवा 1098 ही मुलांची हेल्पलाइन. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या 2012 च्या पोक्सो कायद्याच्या 19 व्या कलमानं, कळलं त्यानं कळवायचंच आहे. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते आणि हाताखालच्या माणसाचं झाकणाऱ्या संस्थाप्रमुखाला वर्षापर्यंत. बापाला चौकीची भीती वाटते, म्हणून त्याला हेही सांग: मुलाचा जबाब घरी घेता येतो, पोलिस वर्दीत नसतात, शक्यतो बाई अधिकारी असते आणि मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. हद्दीचं कारण सांगून कुणी परत पाठवू लागलं तर झिरो एफआयआर मागायचा, तो कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो. मुलाचं नाव, शाळा, फोटो कुठंही जाता कामा नये, व्हॉट्सॲपवर तर नाहीच.

मोठी बाई असेल तर निर्णय तिचा. तू वाटा दाखव: पोलिस, 181 ची हेल्पलाइन, आणि ती संस्थेत कामाला असेल तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याखालची अंतर्गत समिती. दहाच्या आत माणसं असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती. तिथं तीन महिन्यांत अर्ज द्यायचा असतो, फार तर आणखी तीन वाढवून मिळतात. "बघू, ईस्टर होऊ दे" म्हणत कमिटीनं तिचे महिने खाऊ नयेत.

पाळकाला त्याच आठवड्यात लेखी पत्र द्यायचं. चौकशी होईपर्यंत पुलपिट, संडे स्कूल, होस्टेल, चेकबुकावरची सही आणि चाव्या यांपासून बाजूला राहावं. पगार चालू ठेवा. पत्रात स्पष्ट लिहा की दोष ठरला म्हणून हे नाही. सांगणाऱ्याच्या घरी त्यांनी जायचं नाही, बायकोला किंवा सासऱ्याला पाठवायचं नाही. पाळकाच्या वर बिशप असतील तर त्यांनाही लेखी कळवून पोच घ्या, पण त्यांच्या उत्तरासाठी पोलिसांकडे जायचं थांबू नका.

आणि बदली करू नका. या गावाची ब्याद त्या गावाला, हा उपाय पंचांना फार आवडतो. नव्या गावातल्या पोरींनी काय घोडं मारलंय?

कमिटीत कुणीतरी वचन काढेलच, देवाच्या अभिषिक्ताला हात लावायचा नसतो म्हणून. त्याला 105 वं स्तोत्र पुरतं वाचायला लाव. तिथले अभिषिक्त म्हणजे परक्या मुलखात भटकणारी मूठभर माणसं, आणि ताकीद आहे ती राजांना. दुसरा कुणी तीमथ्याच्या पहिल्या पत्रातले दोन-तीन साक्षीदार काढेल. त्याला पुढचं वचनही वाचायला सांग. पाप करणाऱ्या वडिलाला सर्वांसमोर दोष लावावा, असं पौल तिथंच लिहितो.

रविवारी जाहीर करायचं ते चार वाक्यांत. "आपल्या पाळकांविरुद्ध एक तक्रार आली आहे. ती कायद्यानं जिथं द्यायची तिथं दिली आहे. चौकशी होईपर्यंत ते सेवा करणार नाहीत. कुणाला काही सांगायचं असेल तर अमक्या भगिनींना भेटा." बस. सैतानाचा हल्ला वगैरे नको, पाळकांसाठी उभं राहून टाळ्या नकोत, आणि तक्रार करणारी कोण याचा माग काढणाऱ्याला तिथल्या तिथं गप्प करा.

आता खरं भय. आपण मूठभर, गाव शिर्डीच्या शेजारचं, बातमी चहाच्या टपरीवर दुपारपर्यंत पोचते. त्यात धर्मांतराच्या नावानं हल्ली वातावरण तापलेलं. "बाहेरच्यांच्या हातात कोलीत कशाला द्यायचं?" असं मला स्वतःला आदर असलेली माणसं म्हणतात. हे भय खोटं नाही आणि खोट्या तक्रारीही होतात. पण खरं-खोटं ठरवायला आपल्याकडे ना साधन, ना अधिकार. दाबलेलं प्रकरण बाहेरच्यांच्या हाती लागतं तेव्हा ते त्या मुलीचा झेंडा करतात, आणि आपण तिच्या बाजूला उभे नव्हतो हे मग सगळ्या तालुक्याला दिसतं.

घडलेली उदाहरणं बघ. मुंबईत शिवाजीनगरला 2015 मध्ये तेरा वर्षांच्या मुलावर चर्चच्या फादरांनी अत्याचार केला. घरचे आर्चबिशपांना जाऊन भेटले, तर आर्चबिशप त्याच रात्री रोमला निघायचे होते. पोलिसांकडे गेले ते घरचेच. डिसेंबर 2021 मध्ये पोक्सो कोर्टानं जन्मठेप दिली. प्रवचनकार रवी झकारायस यांची भाषणं तुमच्या मोबाइलवर फिरतात ना? 2017 मध्ये कॅनडातल्या एका बाईनं तक्रार केली तेव्हा त्यांची संस्था त्यांच्याच बाजूनं उभी राहिली. मे 2020 मध्ये ते वारले. फेब्रुवारी 2021 मध्ये संस्थेनंच नेमलेल्या वकिलांच्या अहवालात मसाज करणाऱ्या बायकांवरचे वर्षानुवर्षांचे अत्याचार निघाले आणि जाहीर माफी मागायची पाळी आली. याच्या उलटही बघ. जालंधरचे तेव्हाचे बिशप फ्रँको मुलक्कल यांना ननच्या तक्रारीवरून सप्टेंबर 2018 मध्ये अटक झाली, जानेवारी 2022 मध्ये कोट्टायमच्या कोर्टानं निर्दोष सोडलं आणि त्यावर अपील झालं. निकाल काहीही लागो, तो कोर्टातच लागायचा. पण अटकेआधी ननांना कोचीत रस्त्यावर बसावं लागलं, ही गोष्ट चर्चला टाळता आली असती.

पैशाची तक्रार असेल तर पासबुक, पावतीपुस्तकं आणि प्रोसिडिंग बुक आधी ताब्यात घे, गप्पा नंतर. जमिनीचा मामला असेल तर धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय ट्रस्टची जमीन विकता येत नाही, आणि ट्रस्टच्या कायद्याच्या 41 ड कलमाखाली विश्वस्ताला काढताही येतं. मिशनच्या जागांवर कुणाकुणाचे डोळे आहेत ते तुला मी सांगायला नको.

पाळकाच्या बायकोला वाऱ्यावर सोडू नका. तिच्या पोरांची शाळा चालू राहिली पाहिजे, दाराशी कुणीतरी भाजी-भाकरी घेऊन गेलं पाहिजे. महिला मंडळातून मी दोघी-तिघी तयार करते.

पहिल्याच मीटिंगमध्ये एक ठराव मांड: तक्रार पाळकाविरुद्ध असेल तर ती पाळकाच्या हातून जाणार नाही, आणि ती घ्यायला कमिटीबाहेरची एक बाई व एक पुरुष आत्ताच नेमावेत. प्रोसिडिंगमध्ये लिही आणि पाळकसाहेबांचीही सही घे. चांगला माणूस सही करायला कचरत नाही.