लखनौच्या थंडीत पीठ आंबवताना

रात्री वाटून ठेवलेलं पीठ सकाळी जसंच्या तसं दिसलं, की हात सोड्याच्या डबीकडे जातो. तो आवर गं. जानेवारीत लखनौचा पारा रात्री 7-8 अंशांपर्यंत उतरतो, आणि वृंदावन योजनेतल्या तुझ्या ओट्यावर पहाटे हात टेकवत नाही. पुण्यात उन्हाळ्यात 8 तासांत वर येणारं पीठ तिथे 16-20 तासही घेईल. पीठ फुगवणारे जंतू डाळीबरोबर आयतेच येतात, त्यांना फक्त 30 अंशांच्या आसपास ऊब लागते. रविवारी सकाळी इडल्या हव्यात ना? मग शनिवारी सकाळीच वाटायला घे.

तेलीबागेतून उडीद डाळ आणशील ती नव्या मालातली माग. जुनी डाळ कितीही फिरवली तरी हलकी होत नाही. वाटल्यावर बोटभर पीठ पाण्याच्या वाटीत सोडून बघ. तरंगलं तर जमलं, बुडालं तर अजून फिरव. डाळीत अर्धा चमचा मेथी भिजव आणि वाटताना तेच भिजवणीचं पाणी वापर. उन्हाळ्यात मिक्सर तापतो म्हणून आपण गार पाणी घालतो, थंडीत ते कोमट करून घे. डाळ-तांदूळ एकत्र करायला पळी नको, हातानं तळापासून कालव. मीठ मागाहून घाल, मिठानं आंबणं आणखी मंदावतं. मागच्या खेपेचं पळीभर पीठ उरलं असेल तर मात्र खुशाल घाल.

बंद ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून पातेलं ठेवता येतं. ओव्हन नसेल तर कोमट पाण्याच्या परातीत ठेव, वर जुनी रजई टाक आणि पाणी गार झालं की बदल. बोट बुडवल्यावर बरं वाटेल इतपतच ते गरम असावं. हीटरसमोर ठेवशील तर कडेला पापुद्रा धरेल आणि मधलं पीठ गारच राहील.

आणि फुगलं नाही म्हणजे आंबलं नाही, असं धरून चालू नकोस. पीठ सैल झालं असेल तर वायू धरून राहत नाही, निसटून जातो. चमच्यानं बाजूला सारून बघ. आत जाळी असेल, आंबूस वास येत असेल, तर इडलीचा नाद सोड आणि डोसे घाल. बिअर बनवणाऱ्यांचीही हीच फसगत होते म्हणे: झाकणाच्या फटीतून वायू जातो, नळीत बुडबुडे दिसत नाहीत आणि ते घाबरून पुन्हा यीस्ट ओततात. (तुझ्या नवऱ्याला तो उद्योग सुचायच्या आत सांग, परवान्याशिवाय घरी बिअर केली तर तिथे गुन्हा होतो.)

त्यापेक्षा तिथली कांजी कर. काळी गाजरं, मीठ, तिखट आणि कुटलेली मोहरी पाण्यात घालून चिनी मातीची बरणी उन्हात ठेवायची. हात जांभळे होतात, तेवढी तयारी ठेव. ऊन असेल तर 4-5 दिवसांत आंबते, धुक्याचे दिवस लागले तर जास्त. दिवस मोजत बसू नकोस, रोज ढवळून कोरड्या चमच्यानं चाखत जा. गाजरं पाण्याखाली दाबून ठेव, झाकण घट्ट लावू नकोस. वर पातळ पांढरी साय धरली तर काढून टाक. हिरवी-काळी केसाळ बुरशी दिसली, तर मात्र जीव न अडकवता सगळी बरणी ओतून दे.