काटा खरा तर माप खरे



रोहिणी नक्षत्र लागले की आपल्या कल्याण तालुक्यात भाताच्या बियाण्याची तयारी सुरू होते. प्रथम बी मिठाच्या पाण्यात टाकतात. १० लिटर पाण्याला ३०० ग्रॅम मीठ, म्हणजे शेकडा ३. पोचट दाणे वर तरंगतात, ते काढून टाकायचे. खालचे चांगले बी धुऊन सावलीत सुकवायचे आणि मग त्याला बुरशीनाशक पावडर चोळायची.

पाकिटावर ‘किलोला ३ ग्रॅम’ असे लिहिले असेल तर ३ ग्रॅमच घ्यायची. कमी पडली तर रोपाला रोग लागतो. जास्त झाली तर पैसे वाया जातात आणि विषही वाढते. साध्या तराजूवर ३ ग्रॅम काही कळत नाहीत. म्हणून काही घरी आता बॅटरीवरचा छोटा काटा आला आहे. त्यावर आकडा लगेच दिसतो. पण दिसला आकडा की तो खरा, असे मात्र नाही. तो खरा कसा ठेवायचा, हे मी मीठ घेऊन करून पाहिले. (औषधाला आपण मुलांनी हात लावायचा नाही. ते काम मोठ्या माणसांनी हातमोजे घालून करायचे.)

काटा चालतो कसा? पारड्याखाली धातूची एक लहान पट्टी असते. वजन ठेवले की ती किंचित वाकते. आपल्या डोळ्यांना ते दिसत नाही. पट्टीवर बारीक तारा चिकटवलेल्या असतात. पट्टी वाकली की तारा ताणल्या जातात आणि त्यांतून वाहणाऱ्या विजेत फरक पडतो. तो फरक मोजून काटा ग्रॅम दाखवतो. म्हणजे पट्टीला जे जे वाकवील किंवा हलवील, ते ते काट्याला वजनच वाटते! मग तो वारा असो की आपले बोट.

म्हणून पुढील नियम पाळावेत.

१) काटा सपाट, घट्ट जागी ठेवावा. डगमगत्या टेबलावर नको. डोंबिवलीकडे रुळांजवळ ज्यांची घरे आहेत, त्यांनी लोकल जाईपर्यंत थांबावे. जमीन थरथरली की शेवटचा आकडाही नाचतो.

२) पंखा बंद करावा.

३) काटा चालू करून थोडा वेळ थांबावे. बॅटरी उतरलेली असेल तर वजन करू नये.

४) रिकामी वाटी ठेवून आकडा शून्यावर आणावा, मगच पावडर घालावी.

५) चिमूट चिमूट टाकताना फार जपावे. मी अगदी थोडे थोडे मीठ टाकत गेलो, तर काटा शून्यच दाखवत राहिला! पुष्कळ काटे लहानसा फरक दिसला की तो आपोआप शून्य धरतात. यावर उपाय सोपा आहे. वाटी उचलून घ्यावी, तिच्यात पावडर घालावी आणि पुन्हा अलगद ठेवावी. मग खरा आकडा दिसतो.

६) काट्यावर लिहिलेल्या वजनापेक्षा जास्त ठेवू नये, बोटाने दाबूही नये. पट्टी कायमची वाकली तर काटा बिघडला.

७) सांडलेली पावडर कोरड्या ब्रशने काढावी. पाण्याने धुऊ नये, तोंडाने फुंकू नये.

सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे पडताळा. शून्य बरोबर आले म्हणून ३० ग्रॅमही बरोबर येतील असे नाही. त्यासाठी माहीत असलेले वजन ठेवून पाहावे. रुपयाचे चिन्ह असलेले, २०१२ ते २०१८ या सालांचे ५ रुपयांचे साधे पिवळसर नाणे ६ ग्रॅमचे असते. अशी ५ नाणी ठेवली तर ३० ग्रॅमच्या आसपास आकडा आला पाहिजे. त्यानंतरच्या नव्या मालिकेचे नाणे ६.७४ ग्रॅमचे आहे, ते यात मिसळू नये. नाणी झिजतात, म्हणून हा पडताळा ढोबळ आहे. काटा पुन्हा लावायचा असेल तर खरे प्रमाणित वजनच हवे.

दुसऱ्या गावी लावलेला काटाही आपल्याकडे तपासावा लागतो. ठाणे जिल्हा दिल्लीपेक्षा विषुववृत्ताला जवळ आहे. त्यामुळे पृथ्वीची ओढ इथे किंचित कमी आहे. दिल्लीत अचूक लावलेला काटा न तपासता इथे आणला, तर १ किलोला सुमारे अर्धा ग्रॅम कमी दाखवील. वस्तू तीच, काटाही तोच, तरी फरक पडतो.

दुकानातल्या काट्यांसाठी कायदाच आहे. वैध मापन अधिनियम २००९ प्रमाणे व्यापारातला इलेक्ट्रॉनिक काटा दर १२ महिन्यांनी वैध मापन खात्याकडून तपासून, शिक्का मारून घ्यावा लागतो. पालकहो, बाजारात गेलात की शिक्का आणि प्रमाणपत्र जरूर पाहा. विचारायला लाजू नका. घरच्या काट्याला मात्र कोणी निरीक्षक येत नाही. तिथे निरीक्षक आपणच व्हायचे.

आता एक तोंडी हिशोब. काटा अर्धा ग्रॅम चुकतो आहे. ३ ग्रॅम मोजताना चूक किती भागाची? सहाव्या भागाची. आणि १० किलो बियाण्याची ३० ग्रॅम पावडर एकदम मोजली तर? फक्त साठाव्या भागाची. म्हणून सगळ्या बियाण्याची पावडर एकदम मोजावी आणि मोजण्याआधी नाणी ठेवून पाहावीत. यंदा पेरणीच्या आधी प्रत्येकाने घरी हे करून पाहा आणि आलेला आकडा वहीत लिहून आणा.