बंद खोलीतील शेगडी आणि कार्बन मोनॉक्साइड

थंडीच्या दिवसांत दारे-खिडक्या लावून निखाऱ्यांची शेगडी जवळ घेण्याची प्रथा आपल्याकडे जुनी आहे. बाळंतिणीच्या खोलीत तर वारा लागू नये म्हणून झरोकेही बुजविले जातात. या प्रथेमागील माया खरी. परंतु तीत दडलेला धोकाही तितकाच खरा आहे.

कोळसा, लाकूड, गोवरी, रॉकेल वा गॅस जळताना प्राणवायू अपुरा पडला, की कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतो. या वायूस रंग नाही, वास नाही. त्यामुळे धूर न देणारे निखारे निर्धोक असतात, हा समज चुकीचा ठरतो. रक्तातील हिमोग्लोबिनशी संयोग पावण्याची त्याची क्षमता प्राणवायूच्या 200 पटींहून अधिक असल्याने मेंदू व हृदय यांना प्राणवायू कमी पडतो. प्रथम डोकेदुखी, चक्कर व मळमळ, पुढे बेशुद्धी आणि मृत्यू, असा क्रम असतो. झोपलेल्या माणसास पूर्वसूचनाही मिळत नाही. गर्भ, अर्भके, वृद्ध, हृदयरोगी व रक्तक्षयाचे रुग्ण यांना धोका विशेष असतो.

सुरक्षित मर्यादा

वायूचे प्रमाण आणि संपर्काचा काळ या दोहोंवर मर्यादा अवलंबून असते. जागतिक आरोग्य संघटनेने 2010 मध्ये घरातील हवेसाठी दर घनमीटरमागे 15 मिनिटांकरिता 100, एका तासाकरिता 35 व आठ तासांकरिता 10 मिलिग्रॅम अशी मर्यादा सुचविली. 2021 मध्ये चोवीस तासांची सरासरी 4 मिलिग्रॅम ठरविण्यात आली. म्हणजेच जे प्रमाण घटकाभर सोसते, ते रात्रभर सोसत नाही. बाळंतीण व मूल अहोरात्र एकाच खोलीत असतात; म्हणून त्यांच्यासाठी सर्वांत कडक मर्यादाच लागू मानावयास हवी.

दक्षता आणि उपचार

झोपण्यापूर्वी शेगडी बाहेर न्यावी. ती खोलीत असेतोवर खिडकी उघडी ठेवावी. गॅसचा गीझर स्नानगृहाबाहेर बसवावा व जनरेटर घराबाहेर चालवावा. कोणी बाधित झाल्यास दारे उघडून त्यास तत्काळ मोकळ्या हवेत आणावे व 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. कांदा हुंगविण्यात वेळ दवडू नये. साध्या हवेत रक्तातील हा वायू निम्मा होण्यास चार ते पाच तास लागतात; रुग्णालयात शुद्ध प्राणवायू दिल्यास सुमारे दीड तास पुरतो. बोटास लावावयाचे साधे ऑक्सिमीटर या विषबाधेत फसवा आकडा दाखविते, हेही ध्यानी ठेवावे.

हिवाळ्यापूर्वीच्या ग्रामसभेत, शाळेत व अंगणवाडीत ही माहिती सांगितली गेली, तर शेगडीची ऊब राहील आणि जीवही वाचतील.