ऑनलाइन ब्लॅकमेल : पहिले उत्तर कोणते?

सत्र चालू असताना आमचे मोबाइल हाउस मास्टरांच्या कपाटात असतात. सुट्टी लागली की ते हातात येतात आणि राहिलेले सगळे आम्ही थोड्याच दिवसांत पाहून घेतो. अनोळखी लोकांच्या फ्रेंड रिक्वेस्टही याच दिवसांत येतात. त्यांतली एखादी ब्लॅकमेल करणाऱ्याची असू शकते. म्हणून सुट्टीला निघण्यापूर्वी प्रत्येक कॅडेटला हा धडा पाठ असावा, असे मला वाटते. सायबर सुरक्षेच्या तासाला जे शिकलो आणि नंतर वाचून जे समजले, ते येथे क्रमाने मांडतो.

हे कसे घडते?

नेहमीची पद्धत अशी. एखाद्या मुलीच्या नावाने रिक्वेस्ट येते. तिच्या यादीत आपलेच दोन-तीन मित्र दिसतात, म्हणून विश्वास बसतो. काही दिवस अभ्यास, क्रिकेट, सिनेमा यांवर गप्पा होतात. मग 'दुसऱ्या ॲपवर बोलूया' असा आग्रह आणि त्यानंतर व्हिडिओ कॉल. पलीकडे आधीच तयार केलेली क्लिप चालू असते आणि आपला चेहरा मात्र रेकॉर्ड होत असतो. थोड्याच वेळात मेसेज येतो : "दहा मिनिटांत पैसे पाठव, नाहीतर हे तुझ्या बाबांना आणि सगळ्या मित्रांना जाईल." सोबत आपल्या मित्रयादीचा स्क्रीनशॉट असतो.

आपण काहीही पाठवले नसले तरी हे होऊ शकते. गणवेशातला साधा फोटो घेऊन एआयच्या मदतीने खोटे अश्लील चित्र बनवता येते. चित्र खरे असो वा खोटे, आपण करायच्या गोष्टी त्याच राहतात.

मुदत दहाच मिनिटांची का असते? मुलगा शांत झाला आणि त्याने कोणाला विचारले, तर डाव फसतो, हे समोरच्याला ठाऊक असते. त्याचा सगळा धंदा आपल्या गप्प बसण्यावर चालतो.

कॅडेट गप्प का बसतो?

आम्हाला सोसायची सवय आहे. रगडा झाला तरी कुरकुर करायची नाही, मित्राचे नाव सांगायचे नाही, हे पहिल्याच वर्षी अंगवळणी पडते. मैदानावर ही सवय उपयोगी आहे. येथे ती घात करते. शिवाय मनात भीती असते : शाळेतून काढतील, एनडीएचे स्वप्न संपेल, बाबा मान खाली घालतील.

पण फौजेतही हल्ला सोसत गप्प बसायला कोणी शिकवत नाही. गस्तीवरच्या तुकडीवर गोळीबार झाला, तर जवान आड घेतो आणि लगेच वायरलेसवर कळवतो. त्याला कोणी भित्रा म्हणत नाही. ब्लॅकमेललाही पहिले उत्तर हेच : एका मोठ्या माणसाला सांगणे.

करायच्या गोष्टी

१. सांगा. आई-बाबा, मामा, ताई, हाउस मास्टर, समुपदेशक मॅडम, ज्यांच्यापाशी बोलता येईल त्यांना त्याच दिवशी सांगा. तोंडाने बोलणे जड जात असेल तर चिठ्ठी लिहा किंवा सरळ फोन त्यांच्या हातात द्या.

२. पैसे देऊ नका. एकदा पैसे दिले की हा घाबरतो आणि देतो, हे त्याला कळते, आणि दुसरी मागणी येते. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनला आणि बँकेला कळवा. लवकर कळवले तर ती रक्कम पुढे जाण्याआधी रोखता येण्याची शक्यता असते.

३. पुरावा जपा. धमकीचे मेसेज, प्रोफाइलचे नाव आणि लिंक, फोन नंबर, यूपीआय आयडी, तारीख, वेळ यांचे स्क्रीनशॉट घ्या. चॅट पुसू नका, खातेही डिलीट करू नका. मात्र ते चित्र 'पुरावा' म्हणून कोणालाही फॉरवर्ड करू नका.

४. उत्तर देणे थांबवा. शिव्या नाहीत, विनवण्या नाहीत. पुरावा घेतला की प्रोफाइल रिपोर्ट करून ब्लॉक करा आणि आपली मित्रयादी इतरांना दिसणार नाही अशी सेटिंग ठेवा.

५. तक्रार नोंदवा. जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे. मन फार खचले, नको नको ते विचार येऊ लागले, तर टेलिमानसच्या १४४१६ वर कधीही बोलता येते.

६. चित्र पसरणे रोखा. अठरा वर्षांखालील मुलांच्या चित्रांसाठी 'टेक इट डाउन' ही मोफत सेवा आहे. ती अमेरिकेतील एक संस्था चालवते. आपले चित्र फोनमधून बाहेर जात नाही. फक्त त्याचा डिजिटल ठसा तयार होतो आणि सेवेत सहभागी असलेल्या कंपन्या त्यावरून ते चित्र ओळखून काढून टाकू शकतात.

एवढे करूनही समोरचा कोणाला तरी चित्र पाठवेल का? कधीकधी पाठवतो. तेव्हा मित्रांना एकच ओळ पुरे : "कोणीतरी मला ब्लॅकमेल करत आहे, तक्रार केली आहे, काही आले तर उघडू नका, पुढे पाठवू नका, रिपोर्ट करा." आणि असे चित्र आपल्याकडे आले, तर ते डॉर्मिटरीत दाखवत फिरणारा कॅडेट ब्लॅकमेल करणाऱ्याचेच काम करत असतो.

ब्लॉक केल्यावर आणखी एक डाव येतो. 'सीबीआय अधिकारी' फोन करतो आणि अटकेची भीती घालून पैसे मागतो. 'डिजिटल अरेस्ट' अशी कोणतीही तरतूद आपल्या कायद्यात नाही. हा फोन त्याच टोळीचा समजावा.

कायदा कोणाच्या बाजूने?

२०१२चा पॉक्सो कायदा अठरा वर्षांखालील मुलगे आणि मुली, दोघांनाही संरक्षण देतो. पीडित मुलाची ओळख प्रसारमाध्यमांतून उघड करण्यास या कायद्याने मनाई आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ नुसार खंडणीला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मुलांची अश्लील चित्रे पसरवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब नुसार गुन्हा आहे. म्हणजे धमकी देणारा गुन्हेगार आहे आणि तक्रार करणारा मुलगा पीडित.

पैशांऐवजी माहिती मागितली तर?

आपल्यातल्या अनेकांचे वडील सैन्यात आहेत. समोरचा पैसे न मागता बाबांची पोस्टिंग, युनिटचे नाव किंवा गेटचा फोटो मागू शकतो. जुलै २०२० मध्ये भारतीय सैन्याने आपल्या जवानांना ८९ ॲप फोनमधून काढायला सांगितले होते, ते माहिती फुटू नये म्हणूनच. अशी मागणी आली तर एक शब्दही न सांगता त्याच क्षणी बाबांना किंवा शाळेला कळवावे.

मोठ्यांना एक विनंती

सर, मॅडम, आई-बाबा, मुलगा सांगायला येतो तेव्हा तो आधीच खूप घाबरलेला असतो. "तू असे केलेसच का?" हा प्रश्न त्या रात्री विचारू नका. "सांगितलेस ते बरे केलेस, आता आपण मिळून पाहू," एवढेच म्हणा. नियमांचे बोलणे नंतर होऊ शकते. पहिल्या मुलाला काय उत्तर मिळाले, हे संध्याकाळपर्यंत सगळ्या हाउसला कळते, आणि दुसरा मुलगा येईल की नाही ते त्यावरच ठरते.

कॅडेट मित्रांनो, सुट्टीला निघताना सामानाच्या यादीखाली १९३० आणि १०९८ हे दोन नंबर लिहा. त्यांच्याखाली एका माणसाचे नाव लिहा, ज्याला तुम्ही रात्री दोन वाजताही उठवू शकाल. नाव सुचत नसेल, तर ते सत्र संपण्याआधी शोधा.