पुरात तग धरणारा भात

पुरात बुडालेले भाताचे सामान्य रोप हवेसाठी झपाट्याने उंच वाढते, साठवलेली ऊर्जा संपवते आणि मरते. ओडिशातील पारंपरिक भातातून निवडलेले ‘एफआर १३ए’ हे वाण मात्र वाढ रोखून ऊर्जा राखते व पाणी ओसरल्यावर पुन्हा फुटते. या गुणामागील ‘सब१ए’ हे जनुक २००६ मध्ये प्रकाशात आले. फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत संकराद्वारे ते जनुक पूर्व भारतातील लोकप्रिय ‘स्वर्णा’ वाणात आणले गेले. भारतात २००९ मध्ये प्रसारित झालेले ‘स्वर्णा-सब१’ सुमारे दोन आठवडे पाण्याखाली तग धरते. कमी उत्पन्नाचे ते जुने बियाणे कोणी जपलेच नसते, तर हे संशोधन कशाच्या आधारे झाले असते, याचा विचार करा.