पंखांना वेग, मनाला दिशा

१७ डिसेंबर १९०३. अमेरिकेच्या समुद्रकिनाऱ्यावरील वाळूत विल्बर आणि ऑर्विल राइट या भावांचे यंत्र स्वतःच्या बळावर जमिनीवरून उठले. त्या पहिल्या उड्डाणात ते १२ सेकंद हवेत राहिले आणि सुमारे ३७ मीटर गेले. पुढे ६६ वर्षेही पूर्ण झाली नव्हती, तोच २० जुलै १९६९ रोजी नील आर्मस्ट्राँग यांनी चंद्रावर पाऊल ठेवले. आपल्याकडे तेव्हा २१ जुलैची सकाळ उजाडली होती. पृथ्वीपासून चंद्राचे अंतर सुमारे ३,८४,००० किलोमीटर आहे. आर्मस्ट्राँग यांनी सोबत राइट बंधूंच्या त्या विमानाच्या पंखाचे थोडे कापड आणि लाकडाचा एक तुकडा नेला होता. लहानपणी विमानाची पहिली बातमी ऐकलेल्या माणसाला म्हातारपणी चंद्रावरच्या माणसाची बातमीही ऐकता आली. एका आयुष्यात मावेल एवढाच हा काळ होता.

या घटनेकडे आपण केवळ कौतुकाने पाहू नये. साधकाने तिच्याकडे अभ्यासाचा विषय म्हणून पाहावे. माणसाची शक्ती इतक्या वेगाने वाढते, तेव्हा ती शक्ती वापरणारे मनही तितक्याच वेगाने वाढते का? आजच्या पाठात आपण या प्रश्नाचा विचार करू.

काशीतून चंद्राकडे पाहणारे

चंद्र माणसाच्या पायाखाली येण्यापूर्वी हजारो वर्षे तो त्याच्या विचारात होता. काशीला दशाश्वमेध घाटाशेजारी मानमंदिर घाट आहे. तेथील महालाच्या गच्चीवर सवाई जयसिंगांनी अठराव्या शतकात वेधशाळा उभारली. चुना आणि दगडांची ती यंत्रे आजही आपल्याला पाहता येतात. पुढे एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रातून गेलेले बापूदेव शास्त्री काशीच्या संस्कृत महाविद्यालयात गणित आणि ज्योतिष शिकवत होते. त्यांनी केलेले सूर्यसिद्धांताचे इंग्रजी भाषांतर १८६१ मध्ये प्रसिद्ध झाले.

या ग्रंथात पृथ्वीचा व्यास १,६०० योजने आणि चंद्राच्या कक्षेचा परीघ ३,२४,००० योजने दिला आहे. हिशेब केला तर चंद्राचे अंतर पृथ्वीच्या त्रिज्येच्या सुमारे ६४ पट येते. आजच्या मापनाप्रमाणे ते सुमारे ६० पट आहे. रॉकेट नाही, दुर्बीण नाही. नुसते डोळे, गणित आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा संयम यांच्या आधारे आपले पूर्वज सत्याच्या इतके जवळ पोहोचले होते.

काही जण विचारतात, "माणूस चंद्रावर जाऊन आला, मग चंद्रमौळी शंकराचे काय?" याचे उत्तर काशीच्या या परंपरेतच आहे. ज्या नगरीत विश्वनाथाच्या मस्तकावरील चंद्राला वंदन होत होते, त्याच नगरीत त्या चंद्राची गती अंशाअंशाने मोजली जात होती. श्रद्धा आणि शोध एकाच गावात शेजाऱ्यांसारखे नांदले. जी श्रद्धा सत्याला घाबरते, ती मुळातच कच्ची असते.

वेगामागचा संथपणा

राइट बंधूंचे यश आपल्याला अचानक मिळालेले वाटते. प्रत्यक्षात सायकलींचे दुकान चालवणाऱ्या या भावांनी १९०० पासून दरवर्षी किनाऱ्यावर जाऊन इंजिन नसलेली विमाने उडवून पाहिली होती. १९०१ मध्ये त्यांचे अंदाज चुकू लागले, तेव्हा त्यांनी आधीच्या तज्ज्ञांची कोष्टके बाजूला ठेवली. हवेचा झोत सोडणारी एक लांबट पेटी तयार करून त्यांनी सुमारे दोनशे लहान पंखांची स्वतः चाचणी घेतली. त्यानंतर पुढच्या वर्षी शेकडो वेळा ते हवेत तरंगले. त्या १२ सेकंदांच्या मागे अशी वर्षे उभी होती.

चंद्रमोहिमेतही हेच दिसते. २७ जानेवारी १९६७ रोजी जमिनीवरच सराव चालू असताना अपोलो यानात आग लागली आणि तीन अंतराळवीर मृत्युमुखी पडले. दार आतल्या बाजूला उघडणारे होते. ते वेळेवर उघडता आले नाही. ध्येयाची मुदत जवळ येत होती, तरीही माणसे पाठवणे जवळजवळ २१ महिने थांबवण्यात आले. दार बदलले, पेट घेणाऱ्या वस्तू काढल्या, तारांची रचना सुधारली. त्यानंतर पहिले समानव उड्डाण ऑक्टोबर १९६८ मध्ये झाले आणि अवघ्या नऊ महिन्यांत माणूस चंद्रावर उतरला. आपल्या देशाचा अनुभवही असाच आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये चांद्रयान-२ चे विक्रम लँडर उतरताना कोसळले. कारणे शोधली गेली, उणिवा दूर झाल्या आणि २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या प्रदेशात अलगद उतरले.

थांबून आपली चूक पाहणे हाही प्रगतीचाच भाग आहे. साधनेत आपण याला आत्मपरीक्षण म्हणतो.

एकाच वर्षातील दोन उड्डाणे

आता १९११ हे वर्ष पाहा. १८ फेब्रुवारी रोजी काशीपासून फार दूर नसलेल्या प्रयागला आंरी पेके या तरुण फ्रेंच वैमानिकाने टपालाच्या पिशव्या घेऊन विमान उडवले. यमुना ओलांडून तो नैनीला उतरला. अंतर सुमारे १० किलोमीटर, वेळ १३ मिनिटे आणि सोबत सुमारे साडेसहा हजार पत्रे. विमानाने अधिकृत टपाल नेण्याचा हा जगातला पहिला प्रसंग होता. पत्रांसाठी घेतलेले जादा शुल्क विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठी देण्यात आले.

त्याच वर्षी १ नोव्हेंबरला जुलिओ गावोत्ती या इटालियन वैमानिकाने लिबियात आपल्या विमानातून हाताने बॉम्ब खाली टाकले. युद्धात विमानातून बॉम्ब टाकण्याची सुरुवात येथून मानली जाते.

वर्ष एक, यंत्र जवळजवळ तसेच आणि दोन्ही ठिकाणी यंत्र चालवणारा माणूसच. एका विमानातून खुशालीची पत्रे उतरली, दुसऱ्यातून मृत्यू उतरला. फरक पंखांत नव्हता. विमान काय घेऊन जाणार, हे विमान ठरवत नाही. ते माणसाचे मन ठरवते.

चंद्राकडे नेणाऱ्या रॉकेटचा इतिहासही स्वच्छ नाही. त्याच्या रचनेचे प्रमुख वेर्नर फॉन ब्राउन यांनी आधी जर्मनीसाठी व्ही-२ हे युद्धरॉकेट घडवले होते. ते तयार करण्यासाठी छावणीतील कैद्यांना राबवले गेले आणि त्यात हजारो लोकांचे प्राण गेले. चंद्रावरच्या पावलाचे कौतुक करताना त्या पायऱ्यांखाली दडपलेली ही माणसे आपण विसरू नयेत.

स्पर्धा संपली, पाऊल थांबले

मे १९६१ मध्ये अध्यक्ष केनेडी यांनी दशक संपण्यापूर्वी माणूस चंद्रावर उतरवून सुखरूप परत आणण्याचे ध्येय जाहीर केले. तेव्हा अमेरिकेकडे समानव अंतराळ उड्डाणाचा अनुभव केवळ १५ मिनिटांचा होता! तरीही आठ वर्षांत ध्येय गाठले गेले. स्पष्ट संकल्प, ठरलेली मुदत आणि सुमारे चार लाख माणसांचे एकत्रित कष्ट यांचे हे फळ होते. संकल्पशक्ती काय करू शकते, याचे याहून ठळक उदाहरण क्वचितच सापडेल.

पण या संकल्पाच्या मुळाशी सोव्हिएत रशियाला मागे टाकण्याची ईर्ष्याही होती. शर्यत जिंकल्यावर उत्साह ओसरला आणि पुढच्या नियोजित मोहिमा रद्द झाल्या. एकूण बारा जण चंद्रावर चालले. त्यांतील शेवटचे डिसेंबर १९७२ मध्ये परतले. त्यानंतर अर्धशतक उलटून गेले, पण चंद्रावर कोणाचेही पाऊल पडले नाही. ईर्ष्येने माणूस फार वेगाने धावतो, पण समोरचा स्पर्धक दिसेनासा झाला की त्याचे पायही थांबतात. दुसऱ्याला दाखवण्यासाठी सुरू केलेले व्रत आणि शेजाऱ्यापेक्षा मोठे दिसण्यासाठी केलेले दान यांचेही असेच होते.

आपल्या साधनेसाठी

पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेकडे निघाले. त्यांना घरी परतायला दोन वर्षांहून अधिक काळ लागला. वाटेत ते लुटले गेले, पण गंगेची कावड त्यांनी खांद्यावरून घरी आणली आणि आईवडिलांना गंगास्नान घातले. आज मुंबईहून निघालेला यात्रेकरू विमानाने दोन-अडीच तासांत काशीला पोहोचतो. ही सोय चांगलीच आहे. वृद्ध आणि आजारी माणसांसाठी तर ती वरदान आहे. आपल्यासाठी प्रश्न इतकाच, की तेथून परतताना आपण कोणासाठी काय आणतो? मोबाइलमधली छायाचित्रे, की आईवडिलांविषयी थोडी अधिक माया?

शरीराचा वेग यंत्रे वाढवतात. मनाची उंची मात्र कोणतेही यंत्र वाढवत नाही. प्रत्येक पिढीला ती नव्याने, पहिल्या पायरीपासून चढावी लागते. राइट बंधूंचे ज्ञान पुढच्या अभियंत्यांना आयते मिळाले. वडिलांचा संयम मात्र मुलाला आयता मिळत नाही. तो त्याला स्वतः कमवावा लागतो. म्हणूनच शक्ती झपाट्याने पुढे जाते आणि विवेक मागे राहतो. हे अंतर कमी करणे, हेच रोजच्या साधनेचे प्रयोजन आहे.

चिंतनासाठी प्रश्न

१. गेल्या वर्षभरात माझ्या हाती कोणती नवी शक्ती आली: पैसा, पद, साधन की ज्ञान? तिच्यातून मी 'पत्रे' पोहोचवली की 'बॉम्ब' टाकले?

२. माझे कोणते चांगले काम ईर्ष्येवर चालले आहे? पाहणारे कोणी नसले तर ते चालू राहील का?

३. कोणती चूक दिसत असूनही मी थांबून ती दुरुस्त केलेली नाही?

या आठवड्याचा अभ्यास

रोज रात्री झोपण्यापूर्वी दहा मिनिटे शांत बसा. जमल्यास गच्चीत किंवा अंगणात, चंद्र दिसेल तेथे बसा. दिवसभरातील एकच कृती आठवा आणि तिने कोणाला आधार दिला, कोणाला दुखावले, हे प्रामाणिकपणे वहीत एका ओळीत लिहा. सात दिवसांनी त्या सात ओळी एकत्र वाचा. आपली दिशा कोणती आहे, हे त्यातून आपल्यालाच कळेल. दिशा बरोबर असेल, तर वेग थोडा कमी असला तरी चिंता करण्याचे कारण नाही.